वही एक, नावे दहा

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

मोरा बंदराच्या धक्क्यावर उभे राहून उत्तरेकडे पाहिले की पाण्यापलीकडे एक हिरवे, डोंगराळ बेट दिसते. आम्ही त्याला घारापुरी म्हणतो. भाऊच्या धक्क्यावरून लाँचने आलेला एखादा पाहुणा त्याच बेटाकडे बोट दाखवून विचारतो, "ते एलिफंटा ना हो?" आम्ही हो म्हणतो. दोघांचेही बरोबर असते. त्या बेटावर एक मोठा दगडी हत्ती होता, तो पाहून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा हे नाव दिले. तो हत्ती पुढे मुंबईत नेला गेला आणि आज तो भायखळ्याच्या जिजामाता उद्यानात आहे. नाव मात्र बेटाला चिकटून राहिले. १९८७ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून नोंद केली ती एलिफंटा लेणी या नावाने. आपल्या उरण तालुक्याच्या दप्तरात मात्र ग्रामपंचायत घारापुरीच आहे.

आता समजा, घारापुरीच्या डोंगरावरचे एक झाड वादळात पडले. मग एलिफंटावरचे तेच झाड उभे राहील काय? हा प्रश्न ऐकून कोणीही हसेल. बेट एक, नावे दोन. जे एका नावाच्या बेटावर घडते ते दुसऱ्या नावाच्या बेटावर घडलेलेच असते. इतकी ही उघड गोष्ट. परंतु हीच उघड गोष्ट मला पायथन नावाच्या संगणकीय भाषेत कळली नाही, आणि न कळल्यामुळे दहा बायकांसमोर माझ्या आईला मान खाली घालावी लागली. ती हकीगत आणि तिच्यामागचे तत्त्व वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

कला शाखेच्या विद्यार्थिनीने संगणकावर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. परंतु नव्या शैक्षणिक धोरणामुळे आम्हां कला शाखेच्या मुलांनाही दुसऱ्या शाखेचा एखादा विषय निवडता येतो. प्रथम वर्षाला मी संगणक निवडला. खरे सांगायचे तर आवडीपेक्षा हट्टानेच निवडला. वडील होडीवर खलाशी, आई उरणच्या बाजारात मासळी विकणारी. आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. घरात कोणताही कागद आला की तो माझ्यापुढे येतो. वीजबिल असो, बँकेचे पत्र असो की तलाठ्याकडचा उतारा असो, "ती शिकते, ती वाचील," हे ठरलेले. मग ज्या यंत्रावर हल्ली हे सारे कागद तयार होतात, त्या यंत्राची भाषा आपणही शिकावी असे मला वाटले.

बचत गटाचा हिशेब

आमच्या आळीत बायकांचा बचत गट आहे. दहा सभासद, प्रत्येकीचे महिन्याला शंभर रुपये. पेटी आईकडे असते आणि हिशेब एका लांबट वहीत लिहिला जातो. वही लिहिणाऱ्या मावशी सातवीपर्यंत शिकलेल्या. त्यांचे अक्षर मोठे, पण हिशेब चोख. गेल्या जून महिन्यात मीच पुढाकार घेऊन म्हटले, "मी संगणकावर हिशेब करून देते. प्रत्येकीला आपापली छापील चिठ्ठी मिळेल." बायका खूश झाल्या. आई काही बोलली नाही, पण तिच्या तोंडावर जो आनंद दिसला तो मी विसरणार नाही.

जुलैची बैठक आली. पावसाळ्यात यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, घरात पैसा नसतो. त्यामुळे त्या महिन्यात नऊ जणींनी पैसे भरले. माझ्या धाकट्या काकूला जमले नाही. तिने तसे सांगितले आणि सर्वांनी समजून घेतले. मी महाविद्यालयाच्या संगणक कक्षात बसून आज्ञावली लिहिली, चिठ्ठ्या छापल्या, आणि घाईत न वाचताच बैठकीत नेल्या. योगायोगाने पहिली चिठ्ठी निघाली ती काकूची. मी मोठ्याने वाचली: "जमा, नऊशे रुपये."

क्षणभर कोणी बोलेना. मग एक जण हळूच म्हणाली, "न भरताच नऊशे? घरची बाय हाय म्हनून का?" मी गडबडून दुसरी चिठ्ठी उघडली. तीही नऊशे. तिसरीही नऊशे. दहाही चिठ्ठ्यांवर नऊशे! पेटीत होते एकूण नऊशे आणि माझ्या कागदांवर झाले नऊ हजार. काही बायका हसल्या, काही हसल्या नाहीत. मावशींनी आपली लांबट वही उघडून शांतपणे खरा हिशेब वाचला. आई पेटी मांडीवर घेऊन खाली पाहत होती. घरी येईपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही.

चूक माझीच होती, यंत्राची नव्हे. पण ती कोठे होती हे समजायला मला चार दिवस लागले.

डबा नव्हे, चिठ्ठी

पायथन ही भाषा गिडो व्हान रॉसम या डच गृहस्थांनी १९८९ च्या डिसेंबरात ॲमस्टरडॅम येथील एका संशोधन संस्थेत लिहावयास घेतली आणि १९९१ साली ती प्रथम लोकांपुढे आली. तिच्या नावाचा अजगराशी संबंध नाही. ब्रिटिश दूरचित्रवाणीवरील 'मॉन्टी पायथन' या विनोदी कार्यक्रमावरून ते घेतले आहे. २००८ साली निघालेल्या तिच्या तिसऱ्या आवृत्तीपासून वस्तूंना देवनागरीतही नावे देता येतात. भाषेचे स्वतःचे राखीव शब्द रोमन लिपीत राहतात, पण आपण दिलेली नावे मराठी असू शकतात. म्हणून या लेखातील उदाहरणे मी अशी निवडली आहेत की ती जशीच्या तशी चालावीत.

मी जे लिहिले होते त्याचा गाभा थोडक्यात असा:

कोरी = []
आई = कोरी
काकू = कोरी
मावशी = कोरी

चौकोनी कंसांची ही जोडी म्हणजे एक रिकामी यादी. आपण तिला कोरी वही म्हणू. माझी समजूत अशी होती की 'आई', 'काकू', 'मावशी' हे तीन डबे आहेत आणि त्या प्रत्येक डब्यात मी एकेक कोरी वही ठेवली. शाळेत गणितात 'क्ष बरोबर पाच' असे शिकलो तेव्हापासून डब्याचे हे चित्र मनात बसलेले असते. संगणकाच्या काही भाषांत ते खरेही आहे. उदाहरणार्थ, डेनिस रिची यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी तयार केलेल्या सी या भाषेत एका चलातील संख्या दुसऱ्या चलाला दिली की तिची नक्कल होते. दोन डबे, दोन संख्या; एकीला काही झाले तरी दुसरी सुरक्षित.

पायथनमध्ये तसे नाही. येथे नाव म्हणजे डबा नव्हे. नाव म्हणजे दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी. बरोबरच्या चिन्हाचा अर्थ 'आत ठेव' असा नसून 'उजवीकडे जी वस्तू आहे तिला डावीकडच्या नावाची चिठ्ठी बांध' असा आहे. पहिल्या ओळीत एक कोरी वही जन्माला आली आणि तिला 'कोरी' ही चिठ्ठी बांधली गेली. दुसऱ्या ओळीत नवी वही तयार झालीच नाही. त्याच वहीला 'आई' ही दुसरी चिठ्ठी बांधली, पुढे 'काकू' ही तिसरी आणि 'मावशी' ही चौथी. चिठ्ठ्या चार, वही एक.

त्यानंतर मी लिहिले:

आई += ["शंभर"]

म्हणजे आईच्या वहीत शंभरची एक नोंद वाढवली. पण आईची वही तीच काकूची आणि तीच मावशींची. तेव्हा नोंद तिघींच्याही नावावर दिसू लागली. नऊ जणींच्या नऊ नोंदी त्या एकाच वहीत गेल्या आणि दहावी, जिने पैसे भरलेच नव्हते, तिच्या चिठ्ठीवरही नऊशे उमटले. घारापुरीवरचे झाड एलिफंटावरही पडले, इतकेच.

बहुतेक नवशिक्यांची आणखी एक आवडती ओळ असते:

आई = काकू = मावशी = []

दिसायला ही सुटसुटीत आहे, पण हिचाही अर्थ तोच: एक वही आणि तीन चिठ्ठ्या.

एकच की एकसारखे?

चौथ्या दिवशी मी आमच्या सरांकडे गेले. त्यांनी चूक दाखवली नाही. एवढेच म्हणाले, "दोघींचा क्रमांक विचार." पायथनमध्ये आयडी नावाचे एक कार्य आहे. त्याला वस्तू दिली की ते त्या वस्तूचा क्रमांक सांगते. वस्तू अस्तित्वात असेपर्यंत तो क्रमांक बदलत नाही आणि त्या काळात दुसऱ्या कोणत्याही वस्तूला तो मिळत नाही. मी 'आई'चा क्रमांक विचारला, मग 'काकू'चा. पडद्यावर दोन्ही वेळा तोच लांबलचक आकडा आला. मी बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिले. चार दिवसांचे कोडे एका आकड्याने सोडवले.

येथे एक भेद नीट समजून घ्यावा लागतो. दोन वस्तू 'एकसारख्या' असणे वेगळे आणि त्या 'एकच' असणे वेगळे. बाजारातून दोन कोऱ्या वह्या आणल्या तर त्या एकसारख्या आहेत, पण एक नाहीत. एकीवर शाई सांडली तर दुसरी स्वच्छ राहते. पायथनमध्ये मजकूर एकसारखा आहे काय, हे दोन बरोबरच्या चिन्हांनी (==) विचारतात. वस्तू एकच आहे काय, हे 'इज' या शब्दाने विचारतात.

हा भेद पुस्तकी वाटेल, पण तो आपल्या घरोघरी आहे. माझ्या आईचे माहेरचे नाव वेगळे, सासरचे वेगळे. आजोबांच्या जमिनीच्या सातबारावर वारस म्हणून तिचे माहेरचे नाव लागले, आधार कार्डावर सासरचे. कचेरीत सांगण्यात आले की दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र आणा. त्या दिवशी मुद्रांकाच्या कागदावर आईने अंगठा न उमटवता सही केली. ती सही मीच तिला शिकवली होती. पायथनचा 'इज' म्हणजे तेच प्रतिज्ञापत्र होय. नावे दोन आहेत, त्यामागे एकच कोणी आहे काय, एवढाच त्याचा प्रश्न.

याच्या उलट प्रकारही आपल्याकडे आहे. घारापुरी बेटावर शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर अशा तीन वस्त्या आहेत. म्हणजे 'मोरा बंदर' म्हटले की आमच्या उरणच्या बाजूला एक ठिकाण समजते आणि बेटावरच्या माणसाला दुसरे. नाव एक, ठिकाणे दोन. पायथनमध्येही एका कार्याच्या आत वापरलेले नाव आणि बाहेर वापरलेले तेच नाव यांचा एकमेकांशी काही संबंध नसू शकतो. नाव कोणत्या आवारात उच्चारले, यावर त्याचा अर्थ ठरतो.

एक सावधगिरी येथेच सांगते. संख्या किंवा शब्द यांची तुलना 'इज'ने करू नये. पायथनची जी आवृत्ती सर्वसाधारणपणे वापरली जाते ती उणे पाचपासून २५६ पर्यंतच्या पूर्ण संख्या एकदाच तयार करून ठेवते आणि सर्वांना त्याच देते. त्यामुळे लहान संख्यांच्या बाबतीत 'एकच' असे उत्तर येते आणि मोठ्या संख्यांच्या बाबतीत ते येईलच असे नाही. मजकूर पाहावयाचा असेल तेव्हा दोन बरोबरची चिन्हेच वापरावीत.

वस्तू बदलणे आणि चिठ्ठी बदलणे

हे कळल्यावर मला दुसरी शंका आली. लाँचच्या भाड्याचे एक उदाहरण मी वर्गात केले होते, त्यात असा घोटाळा का झाला नाही? ते उदाहरण असे:

भाडे = "साठ"
जुने = भाडे
भाडे = "सत्तर"

येथेही दुसऱ्या ओळीनंतर एकाच वस्तूला दोन चिठ्ठ्या आहेत. पण तिसऱ्या ओळीनंतर 'जुने' विचारले तर "साठ" हेच उत्तर येते. असे का? कारण तिसऱ्या ओळीने "साठ" या वस्तूला हातच लावला नाही. 'भाडे' ही चिठ्ठी तिच्यावरून सोडून "सत्तर" या दुसऱ्या वस्तूला बांधली. 'जुने' ही चिठ्ठी जेथे होती तेथेच राहिली.

म्हणजे दोन क्रिया आहेत आणि त्या वेगळ्या ओळखल्या पाहिजेत. वहीत नोंद लिहिली तर वस्तू बदलते, आणि तो बदल तिच्या सर्व नावांना दिसतो. चिठ्ठी दुसरीकडे बांधली तर फक्त त्या एका नावाचा अर्थ बदलतो, बाकीची नावे आणि मूळ वस्तू जशीच्या तशी राहतात. मुंबईचे व्हिक्टोरिया टर्मिनस १९९६ साली छत्रपती शिवाजी टर्मिनस झाले आणि २०१७ साली त्यात 'महाराज' हा शब्द आला. त्या नावबदलाने स्थानकाचा एक दगडही हलला नाही. नाव हलणे वेगळे, दगड हलणे वेगळे.

पायथनमध्ये काही वस्तू अशा आहेत की त्या जन्मल्यावर बदलताच येत नाहीत. संख्या, शब्द आणि गोल कंसातील यादी (हिला ट्युपल म्हणतात) या त्या होत. त्यांना कितीही नावे असली तरी धोका नाही, कारण त्यांच्यात लिहिताच येत नाही. फक्त चिठ्ठी हलवता येते. चौकोनी कंसातील यादी, कोश आणि संच या वस्तू मात्र बदलता येतात. घोटाळा होतो तो याच वस्तूंच्या बाबतीत.

हा फरक किती बारीक आहे हे पुढील दोन ओळींवरून दिसेल:

आई += ["शंभर"]
आई = आई + ["शंभर"]

शाळेच्या गणिताने पाहता दोन्हींचा अर्थ एक. पण यादीच्या बाबतीत पहिली ओळ त्याच वहीत नोंद वाढवते, म्हणून ती काकूलाही दिसते. दुसरी ओळ जुनी वही आणि नवी नोंद मिळून एक नवीच वही तयार करते आणि 'आई' ही चिठ्ठी तिला बांधते. काकूच्या नावावर जुनी वही तशीच राहते. मी जर योगायोगाने दुसरी ओळ लिहिली असती तर चिठ्ठ्या बरोबर आल्या असत्या, बैठक आनंदात पार पडली असती आणि मला काहीच कळले नसते.

नक्कल कशी करावी?

माझ्या कामाला खरा उपाय सोपा होता. प्रत्येकीला स्वतंत्र कोरी वही द्यावी:

आई = []
काकू = []
मावशी = []

कंसांची जोडी जितक्या वेळा लिहावी तितक्या नव्या वह्या तयार होतात. आधीच भरलेल्या वहीची नक्कल हवी असेल तर असे लिहितात:

नक्कल = आई[:]

कंसातील त्या दोन टिंबांचा अर्थ 'पहिल्यापासून शेवटपर्यंत सारे' असा. याने नवी वही तयार होते आणि जुन्या वहीतील नोंदी तिच्यात येतात. त्यापुढे एकीत वाढवलेली नोंद दुसरीत दिसत नाही.

पण येथेही एक खाच आहे. समजा, सगळ्या वह्या मी एका पेटीत ठेवल्या आणि पेटीची नक्कल केली:

पेटी = [आई, काकू, मावशी]
नवी_पेटी = पेटी[:]

पेट्या दोन झाल्या, हे खरे. पण आतल्या वह्या? त्या त्याच आहेत. पायथनची पेटी वह्या पोटात घेत नाही. वह्या कोठे आहेत याच्या फक्त खुणा बाळगते, आणि नक्कल झाली ती त्या खुणांची. आईच्या वहीत नोंद वाढवली तर ती दोन्ही पेट्यांतून दिसेल. याला उथळ नक्कल म्हणावे. आतल्या वह्यांसकट सारे नवे हवे असेल तर 'कॉपी' या विभागातील 'डीपकॉपी' हे कार्य वापरतात. ती सखोल नक्कल. कोणती केव्हा हवी हे कामावर अवलंबून आहे, पण आपण कोणती केली हे ठाऊक असलेच पाहिजे.

कार्याला एखादी यादी दिली तरी तेच घडते. कार्याच्या आत तिला दुसरे नाव मिळते, एवढेच. आत तिच्यात बदल केला तर बाहेरच्या मूळ यादीत तो झालेला असतो. शेजारणीला वही वाचायला दिली आणि तिने तीत काही खोडले, तर ते आपल्याच वहीत खोडले जाते.

मग भाषेने असे का केले?

वाचक विचारतील की ही भाषा प्रत्येक वेळी आपणहून नक्कल का करीत नाही? मलाही प्रथम तिचा रागच आला होता. परंतु विचार केल्यावर कारण पटले. यादी दहा नोंदींची असते तशी लाखो नोंदींचीही असते. प्रत्येक नव्या नावासाठी आणि कार्याच्या प्रत्येक हाकेसाठी ती सारी पुन्हा उतरून काढावयाची तर वेळ आणि स्मृती दोन्ही वाया जातील. चिठ्ठी बांधायला मात्र वस्तू केवढीही असली तरी सारखाच थोडा वेळ लागतो.

चिठ्ठ्यांचा आणखी एक उपयोग आहे. पायथन प्रत्येक वस्तूकडे किती खुणा वळलेल्या आहेत याची मोजणी ठेवते. 'डेल' या आज्ञेने आपण वस्तू पुसतो असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात ती फक्त एक चिठ्ठी सोडते. शेवटची चिठ्ठी सुटली आणि मोजणी शून्यावर आली की मग त्या वस्तूची जागा दुसऱ्या कामासाठी मोकळी होते. जिचे नाव घेणारे कोणी उरले नाही तिलाच निरोप मिळतो.

आणि एका वस्तूला अनेक नावे असणे हा काही दोष नव्हे. सातबारावर समाईक जमिनीला अनेक नावे असतात. बचत गटाची पेटी तर एकच असली पाहिजे. दहा जणींनी ती आपली म्हणावी यातच गटाचा अर्थ आहे. माझ्या नव्या आज्ञावलीत एकूण जमेची यादी मी मुद्दाम एकच ठेवली आणि प्रत्येकीची वही मुद्दाम वेगळी. समाईक काय आणि स्वतंत्र काय, हे हिशेब लिहिणाऱ्याने आधी ठरवायचे असते. मी ते न ठरवताच लिहिले होते.

सरांकडून आल्यावर संध्याकाळी मी आईला सारे सांगितले. संगणकाचे शब्द टाळून वही आणि चिठ्ठ्यांच्या भाषेत सांगितले. ती कोळंबी सोलत होती. ऐकून घेतले आणि हात न थांबवता म्हणाली, "वही येकच आन् नावा धा. मंग आनखी काय व्हनार?" जे मला चार दिवसांत कळले ते तिला चार वाक्यांत कळले. त्या दिवसापासून पुस्तकातली अवघड गोष्ट आधी तिला सांगून पाहायची, असा मी नेम केला आहे.

ऑगस्टच्या बैठकीत मी पुन्हा चिठ्ठ्या नेल्या. या वेळी तीनदा तपासून. काकूने नारळी पौर्णिमेनंतर होडी पाण्यात गेल्यावर मागचे आणि चालू असे दोनशे रुपये भरले होते, आणि तिच्या चिठ्ठीवर दोनशेच होते. बाकीच्यांच्याही रकमा बरोबर होत्या. तरी बायकांनी एक गोष्ट ठरवली. मावशींची लांबट वही बंद करायची नाही. ती हाताने लिहिली जाईल, माझी यादी संगणकावर राहील, आणि दर महिन्याला दोन्ही ताडून पाहायच्या.

मला प्रथम थोडे वाईट वाटले, वाटले की विश्वास उडाला. पण मग लक्षात आले की बायकांनी केले ते योग्यच केले. ताळा पाहण्यासाठी दोन वह्या खरोखरच दोन असाव्या लागतात. माझी यादी मावशींच्या वहीचेच दुसरे नाव असती तर एकीतली चूक दुसरीतही दिसली असती आणि ती कधीच सापडली नसती. वस्तू दोन, मजकूर एकसारखा, असे दर महिन्याला दिसले पाहिजे. आजपर्यंत तसे दिसत आले आहे. बैठकीत मी रक्कम वाचते, मावशी आपल्या वहीत बोट ठेवून "बरोबर" म्हणतात, आणि आई पेटीचे झाकण लावते.